फोटोला पत्ता कसा चिकटतो: कॅमेरा, जीपीएस आणि मधलं घड्याळ

पहिल्यांदा फोटोंना जीपीएसचे आकडे जोडले, तेव्हा माझे टेकडीवरचे फोटो पाण्यात पडले. त्या दिवशी आम्ही होडीनं तळं ओलांडलं होतं आणि पलीकडची टेकडी चढून माथ्यावरून मनसोक्त फोटो काढले होते. जीपीएस रिसीव्हर दिवसभर पिशवीच्या वरच्या कप्प्यात चालू होता. घरी येऊन दोन्हींची सांगड घातली, तर माथ्यावरच्या फोटोंच्या टाचण्या नकाशावर थेट तळ्याच्या मधोमध. आधी रिसीव्हरला दोष दिला, मग झाडांना, मग ढगांना. दोष निघाला कॅमेऱ्याच्या घड्याळात. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली होती, परत घालताना वेळ अंदाजानं लावली होती आणि ती तब्बल चाळीस मिनिटं मागे होती. मी माथ्यावर उभा होतो, पण कॅमेऱ्याच्या हिशेबानं अजून होडीतच होतो.

तेव्हापासून कुणी विचारलं की कॅमेऱ्याला जीपीएस कसं जोडायचं, की मी आधी घड्याळाची चौकशी करतो. केबल, ब्लूटूथ, हॉट शू (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच) हे सगळं नंतर. रिसीव्हरला एवढंच ठाऊक असतं की अमुक क्षणी आपण अमुक जागी होतो. कॅमेऱ्याला एवढंच ठाऊक असतं की अमुक क्षणी शटर उघडलं. दोघांच्या नोंदींत सामाईक गोष्ट एकच, तो क्षण. जोडणीचे जे काही प्रकार आहेत, ते हा क्षण जुळवण्याचे प्रकार आहेत.

रिसीव्हर नेमकं काय ऐकतो

जीपीएस रिसीव्हर उपग्रहांना काहीही पाठवत नाही, तो फक्त ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तीसेक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक जण अखंड एकच गोष्ट सांगत असतो: मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत. तो संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून रिसीव्हर त्या उपग्रहाचं अंतर काढतो. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगानं येतात, त्यामुळे मोजण्यात एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरनं चुकतं. रिसीव्हरमधलं घड्याळ साधं, स्वस्तातलं असतं. त्याला एवढी अचूकता झेपत नाही. म्हणून अक्षांश, रेखांश आणि उंची या तीन गोष्टींसाठी तीन नव्हे, चार उपग्रह लागतात. चौथा उपग्रह रिसीव्हरच्या घड्याळाची चूक काढून देतो. इथेही पुन्हा घड्याळच आलं.

२००० सालापर्यंत सामान्य वापराचा संकेत अमेरिकेचं सरकार मुद्दाम थोडा बिघडवून सोडत असे. शंभरेक मीटरची चूक धरूनच चालावी लागे. मे २००० च्या सुरुवातीला तो बिघाड बंद झाला आणि मोकळ्या आकाशाखाली साध्या रिसीव्हरलाही काही मीटरांपर्यंत जागा कळू लागली. हा फोटो पुलाच्या अलीकडचा की पलीकडचा, असं विचारण्यात अर्थ आला तो त्यानंतर.

रिसीव्हर चालू केल्याबरोबर जागा का सांगत नाही, हेही समजून घ्यायला हवं. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथपणे पाठवतो आणि तेवढी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. ती ऐकता ऐकता मध्ये झाड, भिंत किंवा तुमचंच डोकं आलं आणि एखादा तुकडा निसटला, तर पुढच्या फेरीची वाट पाहत बसायचं. रिसीव्हर महिनाभर बंद असेल, तर वेळ आणखी जातो. फोन हेच काम चटकन करतो, कारण ही माहिती तो इंटरनेटवरून आयती उचलतो. सुट्या रिसीव्हरला ती सोय नसते. म्हणून निघण्याआधी पाच मिनिटं तो उघड्यावर, हलवाहलव न करता ठेवावा. धावत्या गाडीत चालू करून उपयोग नाही.

हा संकेत जमिनीपर्यंत पोचतो तेव्हा अतिशय क्षीण झालेला असतो आणि पाण्यातून तो नीट जात नाही. आपलं शरीर बहुतांशी पाणीच. मागच्या खिशात ठेवलेला रिसीव्हर निम्म्या आकाशाला मुकतो. पिशवीच्या खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवलेला सगळ्यात चांगला.

तारेनं जोडायचं तर

तारेचा मोठा गुण असा की घड्याळाचा प्रश्नच मिटतो. शटर दाबताक्षणी रिसीव्हरचा ताजा आकडा कॅमेऱ्याच्या हाती असतो आणि तो तिथल्या तिथे फोटोच्या फाइलमध्ये लिहिला जातो. कॅमेऱ्यात तारीख गेल्या वर्षीची असली तरी जागा बरोबर येते.

या तारेतून जी भाषा वाहते ती मुळात होड्या-जहाजांची. एनएमईए ०१८३ हे तिचं नाव. जहाजावरची पाण्याची खोली मोजणारी, दिशा धरणारी, जागा सांगणारी यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून हे मानक तयार झालं. त्यामुळे वेग आजही नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल असा येतो, मग तुम्ही सायकलवर का असेना. रिसीव्हर सहसा सेकंदाला एकदा काही ओळी पाठवतो. ओळ डॉलरच्या चिन्हानं सुरू होते, मग तिचं नाव आणि मग स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे: वेळ, अक्षांश, उत्तर की दक्षिण, रेखांश, पूर्व की पश्चिम, वगैरे. शेवटी तपासणीचा आकडा. जीपीआरएमसी नावाच्या ओळीत वेळ आणि जागा यांच्यामध्ये एक अक्षर असतं. ते ‘ए’ असेल तर जागा सापडलेली आहे. ‘व्ही’ असेल तर पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. जीपीजीजीए ओळीत उंची आणि किती उपग्रह वापरले तेही येतं.

ठरलेला वेग ४८०० बॉड, म्हणजे इथे सेकंदाला ४८०० बिट. एका अक्षरामागे दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं. ओळ जास्तीत जास्त ८२ अक्षरांची. भागाकार केला तर सेकंदाला पूर्ण लांबीच्या पाचच ओळी मावतात. रिसीव्हरच्या मेनूत सापडेल ती प्रत्येक ओळ चालू करून ठेवली की नळी तुंबते. आणखी एक गोष्ट: बऱ्याच हातातल्या रिसीव्हरमध्ये सिरीयल पोर्टवर (या तारेच्या जोडावर) मुळात कंपनीची स्वतःची भाषा लावलेली असते. ती मेनूत जाऊन एनएमईए करावी लागते. केबल बरोबर, कॅमेरा बरोबर, तरी काहीच येत नाही अशी तक्रार असेल तर आधी हे तपासावं.

निकॉननं ही वाट बरीच लवकर खुली केली. डी२००, डी३००, डी७०० अशा कॅमेऱ्यांच्या पुढच्या अंगाला दहा पिनांचं गोल सॉकेट आहे. त्यात एमसी-३५ नावाची केबल लागते. तिच्या दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा, जुन्या संगणकांना असायचा तसा जोड असतो आणि तिथे रिसीव्हरची संगणकाला लावायची केबल बसते. म्हणजे दोन केबल एकमेकींना जोडून गळ्यात लोंबकळत ठेवायच्या. दिसायला अवतारच, पण काम चोख.

इथे दोन ठिकाणी माणसं हमखास अडखळतात. पहिलं, यूएसबीचा रिसीव्हर कॅमेऱ्याच्या यूएसबी भोकात खुपसणं. यूएसबीमध्ये एक यजमान लागतो आणि एक पाहुणा. संगणक यजमान, त्याला लावलेली वस्तू पाहुणा. कॅमेरा संगणकाला जोडायच्या हिशेबानं पाहुणा म्हणून घडवलेला असतो आणि रिसीव्हरही पाहुणाच. दोघंही दारात उभे, या म्हणणारं कुणी नाही. दुसरं अडखळणं महागात पडू शकतं. जुन्या आरएस-२३२ सिरीयल तारेतला विद्युतदाब शून्याच्या खालीही जातो आणि वरही, दोन्हीकडे तीन ते पंधरा व्होल्ट. सुट्या जीपीएस मोड्यूलमधून निघणारा संकेत मात्र शून्य ते ३.३ किंवा ५ व्होल्ट इतकाच असतो. अक्षरं तीच, दाब वेगळा. घरी केबल बनवायची हौस असेल तर कॅमेऱ्याच्या पिनला काय चालतं हे पक्कं माहीत झाल्याशिवाय तारा सोल्डर करू नयेत.

तार जोडली की पडद्यावर जीपीएसचं चिन्ह उमटतं. ते स्थिर असेल तर आकडे येताहेत. लुकलुकत असेल तर रिसीव्हर अजून उपग्रह शोधतोय आणि या वेळी काढलेल्या फोटोंना जागा मिळत नाही. मेनूत आणखी एक छोटी सोय असते: जीपीएस जोडलेलं असताना प्रकाशमापक आपोआप बंद व्हावा की नाही. बंद होऊ दिला तर बॅटरी वाचते. पण मग झोपलेल्या कॅमेऱ्याचं बटण एका दमात पूर्ण दाबलं, तर जागेची नोंद हुकू शकते. बटण अर्धं दाबून जरा थांबायचं आणि मग पूर्ण. उडत्या पक्ष्याला हे कोण सांगणार, म्हणून अशा दिवशी मी बॅटरी जास्त खर्चू देतो.

तारेच्या लोंबकळण्याला वैतागलेल्यांसाठी हॉट शूवर बसणारे छोटे रिसीव्हर आले. निकॉनचा जीपी-१ २००८ साली, कॅननचा जीपी-ई२ २०१२ साली. पहिला कॅमेऱ्याच्या बॅटरीवर चालतो, दुसऱ्यात स्वतःचा एक एए सेल असतो. फ्लॅशची जागा अडते, एवढीच काय ती कुरकुर.

तार नसताना: रेघ आणि घड्याळ

बहुतेक कॅमेऱ्यांना जीपीएस जोडायला सॉकेटच नसतं. मग दोघांना दिवसभर आपापलं काम करू द्यायचं आणि घरी येऊन वह्या जुळवायच्या. रिसीव्हर किंवा फोनमधलं एखादं ॲप दर काही सेकंदांनी जागा आणि वेळ नोंदवत जातं. त्या ठिपक्यांची जी रेघ तयार होते तिला ट्रॅक म्हणतात आणि ती बहुधा जीपीएक्स प्रकारच्या फाइलमध्ये उतरवतात. नंतर सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोची वेळ बघतं, रेघेवर त्या वेळचा ठिपका शोधतं आणि आकडे फोटोत लिहितं. फिल हार्वे यांचं एक्झिफटूल, मोफत मिळणारं डिजीकॅम, लाइटरूम क्लासिक, सगळी हे काम करतात.

नेमका त्या सेकंदाचा ठिपका क्वचितच असतो. समजा एक ठिपका १० वाजून १५ मिनिटांचा, पुढचा त्यानंतर १५ सेकंदांनी आणि फोटो पाचव्या सेकंदाचा. सॉफ्टवेअर दोन ठिपक्यांत सरळ रेघ मारून एकतृतीयांश अंतरावर टाचणी टोचतं. सपाट रस्त्यावर हे उत्तम. घाटाच्या नागमोडी वळणांवर मात्र सरळ रेघ दरीवरून जाते आणि फोटोही. म्हणून चालताना पाच-दहा सेकंदांचं अंतर पुरतं, गाडीत एक-दोन सेकंदांवर आणावं. रिसीव्हर मध्येच बंद पडला असेल तर मोठी पोकळी उरते. ती पोकळी सॉफ्टवेअरनं किती वेळापर्यंत भरून काढावी, हे ठरवता येतं. एक्झिफटूल आपणहून अर्ध्या तासापर्यंत मजल मारतं. मला ते फार वाटतं, मी दोन मिनिटांवर आणून ठेवतो. चुकीच्या टाचणीपेक्षा टाचणी नसलेली बरी.

आता घड्याळ. ताशी पाच किलोमीटर चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो. कॅमेऱ्याचं घड्याळ दोन मिनिटं चुकलेलं असेल, तर टाचणी सुमारे १७० मीटर सरकते. ताशी ६० किलोमीटरच्या गाडीत एका मिनिटाची चूक म्हणजे पुरता एक किलोमीटर.

यावर एक जुना आणि अजूनही सगळ्यात भरवशाचा उपाय आहे: दिवसाच्या सुरुवातीला रिसीव्हरच्या पडद्यावरच्या वेळेचा, सेकंदांसकट, फोटो काढायचा. घरी आल्यावर त्या फोटोत दिसणारी वेळ आणि कॅमेऱ्यानं फाइलमध्ये लिहिलेली वेळ यांची वजाबाकी करायची. ती वजाबाकी सॉफ्टवेअरला दिली की दिवसभराचे फोटो एका फटक्यात जागेवर येतात. कॅमेऱ्याचं घड्याळ दुरुस्त करायचीही गरज नाही, त्याची चूक किती हे कळलं की झालं. माझे टेकडीवरचे फोटोही असेच पाण्यातून बाहेर आले. लांबच्या प्रवासात असा फोटो अधूनमधून पुन्हा काढावा, कारण कॅमेऱ्यातली घड्याळं दिवसाला एखाददुसऱ्या सेकंदानं पुढेमागे होत राहतात.

टाइम झोनचा घोळ वेगळा. जीपीएक्समधली वेळ ग्रिनिचच्या हिशेबानं, म्हणजे यूटीसीमध्ये असते. कॅमेऱ्यात आपण स्थानिक वेळ लावलेली असते आणि ती कुठली, हे फाइलमध्ये लिहायची जागाच फार वर्षं नव्हती. फोटोची माहिती ज्या साच्यात साठवतात त्या एक्झिफमध्ये ती नोंद २०१६ च्या आवृत्तीत आली. त्यामुळे सॉफ्टवेअर तुमच्या संगणकाचा टाइम झोन गृहीत धरतं. परदेशातले फोटो घरी येऊन जोडले की सगळे तासांच्या हिशेबात हुकतात. तेही पूर्ण तासांनी नाही हुकले तर गोंधळू नका. साडेपाच आणि पावणेसहा तासांचे फरकही जगात आहेत.

एक बारकावा हौशी लोकांसाठी. उपग्रहांची स्वतःची वेळ यूटीसी नसते. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला यूटीसीत अधूनमधून लीप सेकंद घालतात, जीपीएसच्या वेळेत घालत नाहीत. २०१७ पासून हा फरक १८ सेकंदांचा आहे. रिसीव्हर तो वजा करून दाखवतो; पण फरकाचा ताजा आकडा उपग्रहाकडून यायला साडेबारा मिनिटांपर्यंत लागू शकतात. तोवर बऱ्याच दिवसांनी चालू केलेला जुना रिसीव्हर जुनाच आकडा वापरत राहतो. म्हणून पडद्याचा फोटो चालू केल्या केल्या काढू नका.

फोन मध्यस्थ

हल्लीचे कॅमेरे ब्लूटूथवरून फोनकडून जागा मागून घेतात. जवळपास प्रत्येक कंपनीचं त्यासाठी ॲप आहे. चालतं तेव्हा याच्यासारखं सुख नाही, कारण तारेसारखाच आकडा जागच्या जागी फोटोत बसतो आणि कित्येकदा कॅमेऱ्याचं घड्याळही फोनच लावून देतो. अडचण फोनच्या काटकसरीची. खिशात गेलेला फोन बॅटरी वाचवायला मागचं ॲप गुपचूप झोपवतो आणि कॅमेरा मघाशी मिळालेलाच आकडा पुढच्या फोटोंना वाटत बसतो. एका वळणानंतरचे सगळे फोटो नकाशावर एकाच ठिपक्यात कोंबलेले दिसले, तर हेच झालं असं समजा. ॲपला सतत जागा वापरायची परवानगी द्यावी आणि बॅटरी-बचतीतून त्याला वगळावं. मी तरीही फोनमध्ये ट्रॅकही चालू ठेवतो. एकानं दगा दिला तर दुसरा असतो.

फाइलमध्ये काय लिहिलं जातं

एक्झिफमध्ये अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंद अशा तीन आकड्यांत जातात आणि ते नेहमी धन असतात. उत्तर की दक्षिण, पूर्व की पश्चिम, हे अक्षर वेगळ्या खणात. एखाद्या सॉफ्टवेअरनं ते अक्षर गाळलं, की दक्षिण गोलार्धातलं शहर उत्तरेत उगवतं. एनएमईएची तऱ्हा आणखी निराळी: तिथे ४५३०.०००० म्हणजे ४५ अंश ३० मिनिटं, अर्थात ४५.५ अंश. घाईत कुणी ते ४५.३० वाचलं तर टाचणी सुमारे २२ किलोमीटर सरकते. स्वतः आकडे भरताना दशांश अंश वापरावेत. पाच दशांश स्थळं म्हणजे अक्षांशात साधारण एक मीटर. त्यापुढचे आकडे केवळ शोभेचे.

फाइलमध्ये जीपीएसची वेळ वेगळी दिसते आणि फोटोची वेगळी, याला चूक समजू नका. पहिली यूटीसी, दुसरी स्थानिक. उंचीच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. रिसीव्हरला ऐकू येणारे सगळे उपग्रह आपल्या डोक्यावरच्याच बाजूला असतात, जमिनीखालच्या बाजूचा एकही ऐकू येत नाही, त्यामुळे उभ्या दिशेतली चूक आडव्यापेक्षा जास्त येते. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल असेल तर पुष्कळ सॉफ्टवेअर आकडे मूळ फाइलमध्ये न लिहिता शेजारी छोटी एक्सएमपी फाइल ठेवतात. फोटो हलवताना ती मागे राहिली की पत्ताही मागे राहतो.

हा पत्ता फोटो ज्याच्या हाती जाईल त्यालाही दिसतो. २०१२ साली अँटीव्हायरस सॉफ्टवेअरवाले जॉन मॅकाफी पोलिसांना चुकवत फिरत असताना एका मासिकानं त्यांचा फोटो इंटरनेटवर टाकला. फाइलमधले आकडे पुसायचे राहिले होते आणि ते ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं. घरातल्या, मुलांच्या, दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याच्या फोटोंची प्रत बाहेर देताना त्यातले जीपीएसचे खण रिकामे करावेत. मूळ फाइलमध्ये राहू द्यावेत, तिथेच त्यांचा उपयोग.

शेवटचा गैरसमज असा, की टाचणी फोटोत दिसणाऱ्या वस्तूची असते. ती कॅमेऱ्याची असते. चंद्राचा फोटो काढला तर टाचणी आपल्या गच्चीवरच टोचलेली दिसते आणि दरीपलीकडचा धबधबा टिपला तर दरीच्या अलीकडे. लांबच्या भिंगाचे फोटो काढणाऱ्यांना हे खटकतं. त्यांच्यासाठी एक्झिफमध्ये दिशेचाही खण आहे: कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेपासून किती अंशांवर होतं, आणि ती उत्तर खरी की चुंबकीय. जीपी-ई२ सारख्या काही रिसीव्हरांमध्ये त्यासाठी होकायंत्र असतं. पण ते भिंगाबरोबर वळलं तरच उपयोग, म्हणजे रिसीव्हर हॉट शूवरच हवा. पिशवीच्या पट्ट्याला लटकवला तर जागा बरोबर येईल, दिशा मात्र तुमच्या खांद्याची.